फायलीतली छाती

४ फेब्रुवारी

दादा,

या जागी 'तीर्थरूप' लिहितात, एवढं मलाही चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवलं होतं. लिहीत नाही. मनाला लावून घे नाहीतर घेऊ नकोस.

फोन तू उचलत नाहीस. दोन वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या फोनवर मी काय काय बोललो ते मला आठवतंय आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. बाप गेल्याचं तीन दिवसांनी कळवणाऱ्या भावाशी याहून गोड बोलायला मला जमत नाही. म्हणून कागदावर. कागद फाडायचा तरी पाकीट उघडावं लागेल.

काम एवढंच आहे. कंपनीत एक फॉर्म भरून मागतायत. त्यात विचारलंय, वडील हयात आहेत का, नसल्यास वय किती होतं, कशाने गेले. वय मला माहीत आहे. कशाने गेले ते तू सांगितलं नाहीस. 'झोपेत गेले, त्रास झाला नाही,' म्हणालास आणि माझ्या शिव्या सुरू झाल्यावर फोन ठेवून दिलास. झोपेत जाणं हे काय कारण झालं? झोपेत मीही रोज जातो आणि पाच वाजता उठून कामाला लागतो.

खरं काय ते एका ओळीत लिही. ख्यालीखुशाली नको. मी मजेत आहे.

वहिनीला नमस्कार. तिला, तुला नाही.

तुझा धाकटा
(हे नातं मी ठरवलेलं नाही)


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन आठवडे घेऊन दोन प्रश्न: 'फॉर्म कसला? काय झालंय तुला?' मी विचारलं काय, तू विचारतोस काय. दुकानातही तुझी हीच तऱ्हा. बाई बिचारी बंद पडलेलं शिवणयंत्र घेऊन येते आणि तू तिलाच दरडावतोस, 'बंद पडलं म्हणजे? तुम्ही काय केलंत त्याला?'

बरं. फॉर्मबिर्म काही नाही. छातीत दुखतंय.

डाव्या बाजूला, मधल्या हाडापासून दोन बोटं अंतरावर. दीड महिना झाला. कधी टाचणी टोचल्यासारखं, कधी आतून कुणी मूठ आवळल्यासारखं. खोके ओढताना वाढतं, खोल श्वास घेतला की वाढतं, तुझी आठवण आली की मग तर विचारूच नकोस.

मी इथे काय करतो हे तू चार वर्षांत विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. कोल्ड स्टोरेज. उणे वीस. गोठवलेल्या मासळीचे आणि मटाराचे खोके. चाळीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर. पापण्यांवर बर्फ धरतो. एकट्याने आत जायचं नाही असा इथला नियम आहे, कारण त्या थंडीत माणूस गुपचूप खाली बसतो आणि आपण बसलोय हे त्याचं त्यालाच कळत नाही. म्हणून जोडी. जोडीतला एक आजारी पडला की त्या दिवशी दुसराही घरी. माझ्या जोडीदाराला सगळे घड्याळ म्हणतात, कारण चाळिसाव्या मिनिटाला त्याच्या हातातला खोका असेल तिथे खाली पडतो, मग समोर मॅनेजर असो की मालक. तुझ्याच वयाचा आहे. तुझ्यापेक्षा बरा आहे.

त्याला मी सांगितलं तर म्हणतो, "गॅस आहे."

"गॅस छातीत कुठून येणार?"

"का? गॅसला काय रस्ता विचारत यावं लागतं?"

कंपनीचा दवाखाना फाटकाला लागूनच आहे. फुकट आहे. डॉक्टरबाई आहेत, कडक आहेत, हुशार आहेत म्हणतात. तरी मी जात नाही आणि त्याला कारण तू आहेस.

आठवतंय ना? की मशीनच्या तेलाबरोबर तेही चिंधीने पुसून टाकलंस? नोकरीआधीच्या तपासणीला मला बोलावलं होतं. मला यायचंच नव्हतं इथे. मी सकाळीच मित्राच्या गच्चीवर जाऊन लपलो. तर तू माझा चौकड्यांचा शर्ट अंगात घातलास, माझं ओळखपत्र खिशात टाकलंस आणि माझ्या जागी रांगेत जाऊन उभा राहिलास. तुझ्या छातीला वायरी लावल्या, तुझा ईसीजी काढला आणि वर नाव टाकलं माझं. दोघांचं नाक एकच म्हणून खपून गेलं. संध्याकाळी शिक्क्याचा कागद माझ्यापुढे टाकलास आणि म्हणालास, "पास झालास. बॅग भर." बाबा तिथे बसून हसत होते.

भावाला घराबाहेर काढायचं तर लोक भांडण उकरून काढतात, दाराला कुलूप घालतात. तू तर स्वतःची छाती काढून दिलीस. इतकी घाई होती तुला.

आता माझ्या फायलीत माझं नाव आहे, माझा फोटो आहे आणि तुझी छाती आहे. या बाई ईसीजीची जुनी पट्टी नव्या पट्टीशेजारी ठेवून बघतात. मागच्या वर्षी एकाने डोळ्यांच्या तपासणीत असाच भाऊ उभा केला होता. सापडला. त्याच दिवशी बिल्ला काढून घेतला आणि फाटकाबाहेर. नोकरी गेली तर मी तुझ्या दारात येईन का? उपाशी राहीन, तुझ्या दारात यायचा नाही.

म्हणून विचारतोय. बाबा छातीनेच गेले असतील तर मी जातो, होईल ते होवो. नसतील तर दात आवळून सहन करतो. तुझ्या एका ओळीवर माझं अडलंय. दुखण्यापेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

धाकटा


६ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. पूर्ण पानभर. अंगात आलं होतं की काय?

म्हणजे बाबा झोपेत नव्हते. जिन्यात होते. गिऱ्हाइकाचं मशीन खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेताना मधल्या चौकात त्यांनी ते हळूच टेकवलं, तुला म्हणाले, "पाणी आण," आणि छातीवर हात ठेवून पायरीवर बसले. तू पाणी घेऊन आलास तेव्हा ते बसलेलेच होते. एवढं सोपं होतं ते. एवढं सांगायला तुला दोन वर्षं लागली.

आणि वर कारण काय, तर 'तेव्हा कळवलं असतं तर तू आला असतास, आणि आला असतास तर परत गेला नसतास.' अरे, मग? नसतो गेलो. माझा बाप होता तो. नोकरी माझी, बाप माझा आणि ठरवणार तू. मशीन दुरुस्त करता करता तुला वाटायला लागलंय की माणसांचेही स्क्रू तुझ्याच हातात आहेत.

शेवटी हुकूम: 'लगेच डॉक्टरकडे जा. फायलीचं काय व्हायचं ते होऊ दे.' हो साहेब. आलो साहेब. तू सांगितलंस म्हणून पुढचे चार दिवस मुद्दाम गेलो नाही.

तुझ्या सहीखाली वहिनीने बारीक अक्षरात लिहिलंय. तू वाचलंस की नाही कोण जाणे, म्हणून इथे उतरवतो. 'भाऊजी, तब्येतीला जपा. इकडे हे हल्ली मशीन पोचवायला जात नाहीत, गिऱ्हाइकालाच खाली बोलावतात. आपल्या जिन्यातसुद्धा दोनदा थांबतात. काही विचारलं की अंगावर येतात.' वा! शेठजी झालास. बाबा साठीला तीन मजले चढायचे आणि तुला घरचे दोन जड झाले. वहिनीच्या हातचं खाऊन पोट सुटलं असेल. आणि तिच्या अंगावर कशाला जातोस? अंगावर घ्यायला मी आहे ना.

आता कालचं. खरं तर लिहिणार नव्हतो.

आत शिरून पंचवीस मिनिटं झाली होती. वरच्या फळीवरचा खोका खाली घेताना ती मूठ अशी आवळली की खोका सुटला आणि मटार फरशीवर गोट्यांसारखे पसरले. मी वाकलो. वाटलं, मटार गोळा करावेत. मग वाटलं, बसूनच गोळा करावेत. बसलो. फार बरं वाटलं. तेवढ्यात घड्याळाने कॉलर धरून मला दाराबाहेर ओढलं. मी त्याला शिव्या देत होतो म्हणे. बाहेर आल्यावर त्याने मनगट बघितलं. चाळीस झाले नव्हते. पहिल्यांदाच तो वेळेआधी बाहेर आला होता.

"उद्या दवाखान्यात," तो म्हणाला.

"तूच म्हणालास ना गॅस आहे?"

"म्हणालो. मी काय डॉक्टर आहे? उद्या खोके उचलणाऱ्याचं ऐकून मरशील आणि मलाच नावं ठेवशील."

"फाइल उघडली तर नोकरी जाईल."

"आणि आत मेलास तर बढती मिळेल का? हे बघ, मला आतून प्रेत ओढून काढायचं नाहीये. पाठ दुखते माझी. आठ दिवस देतो. गेला नाहीस तर मॅनेजरकडे जाऊन दुसरी जोडी मागणार."

हसत नव्हता तो.

तुझ्या सांगण्यावरून जाणार नाही. गेलो तर त्याच्या पाठीसाठी जाईन.

धाकटा


१४ मार्च, दुपार

दादा,

दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. आधी वाईट बातमी: मी मरत नाहीये. तुझा अंदाज चुकला.

बाईंनी वायरी लावल्या, पट्टी काढली. मग मला उताणा झोपवून डाव्या बरगडीवर एका बोटाने अस्सं दाबलं की मी पलंगावरून अर्धा उठलो.

"हेच का दुखणं?"

"हेच. बाई, तुम्ही तर मारूनच टाकता."

"हृदय बोटाने दाबून दुखत नसतं. बरगडी जिथे मधल्या हाडाला मिळते तिथे सूज आलीय. ओढाताण आणि थंडी. औषध घे, महिन्याभरात जाईल. दोन महिने काय करत होतास?"

"विचार करत होतो."

"तो आमच्यावर सोपवायचा."

मला हसू येत होतं दादा, खरंच. बाबांसारखा मी जाणार नाही. दोन महिने रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा छाती चाचपत होतो, ते संपलं. तेवढ्यात त्यांनी फाइल उघडली. जुनी पट्टी काढली, नवीच्या शेजारी ठेवली आणि चष्मा वर केला. मी म्हटलं, आता आपला बिल्ला गेला.

खूप वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "विचित्र आहे. ही चार वर्षांपूर्वीची. इथे हृदयाच्या एका भागाला कधीतरी रक्त कमी पडलंय, त्याची खूण दिसते. ही बघूनच पुढच्या तपासणीला पाठवायला हवं होतं. शिक्का मारणारा डोळे मिटून बसला होता का? आणि आजची बघ. स्वच्छ. अशी खूण सहसा पुसली जात नाही."

मी शर्टाची बटणं लावत राहिलो.

"मशीन बिघडलेलं असणार, नाहीतर कागद बदलले. उगाच तुझ्या नावावर हे लफडं नको. फाडून टाकते, ही नवी लावते. चालेल ना?"

मी मान हलवली. चालेल म्हणून. त्यांनी तुझी पट्टी फाडली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली. चार वर्षांची धास्ती दोन सेकंदांत कचऱ्यात. आता फायलीत नाव माझं, फोटो माझा, छातीही माझीच. मी त्यांना 'थँक्यू' म्हणालो. गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि बाहेर आलो.

या बाकावर बसून तुला चिडवायला कागद काढला. वरचं सगळं लिहून झालं. लिहिता लिहिता हात थांबला.

ती पट्टी तुझी होती.

जिन्यात दोनदा थांबतोस ना तू? पोटामुळे नाही ते.

मी मान हलवली, दादा. चालेल म्हणालो.

पत्र इथेच थांबवतो. मला परत आत जायचंय, टोपली रिकामी करायच्या आत.


१७ मार्च

दादा,

वरचं पत्र टाकलं नव्हतं. त्याच्याबरोबर हेही घे.

मी परत आत गेलो तेव्हा बाई डबा उघडत होत्या.

"काय विसरलं?"

"बाई, ती फाडलेली पट्टी. ती माझी नाही."

"मी तेच म्हणाले की."

"मशीन बिघडलं नव्हतं. ती माझ्या भावाची आहे. तपासणीला माझ्या जागी तो उभा होता."

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "तू काय बोलतोयस ते कळतंय ना तुला? हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"वय काय त्याचं?"

"अडतीस."

"जिने चढतो?"

"दोनदा थांबतो म्हणे."

"थांबल्यावर दुखणं जातं का? हातात, खांद्यात कळ येते का?"

"मला काय माहीत? आम्ही बोलत नाही."

"मग आजपासून बोला," त्या म्हणाल्या. स्वतः खाली वाकल्या, टोपलीतून दोन्ही तुकडे काढले आणि चिकटपट्टीने जोडून दिले. मागे दोन ओळी लिहिल्या, तिकडच्या डॉक्टरांसाठी. मला ताकीद दिली: त्याने एकही मशीन उचलायचं नाही, जिना जमेल तितका टाळायचा, आणि आराम करूनही दुखलं तर कुणाची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा. हे मी तुला फोनवर सांगितलं, इथे परत लिहितोय, कारण फोनवर तू ऐकत नव्हतास, ओरडत होतास.

बिल्ला आज सकाळी जमा केला. मॅनेजरला वाईट वाटलं असं त्याच्या तोंडावरून दिसलं नाही. घड्याळाला वाटलं. तो म्हणाला, "आता मला त्या घोरणाऱ्याबरोबर जोडतील. उभ्या उभ्या झोपतो तो, उणे वीसमध्ये. तुझ्या भावाला सांग, माझी जोडी त्याने मोडली." आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. तीन दिवस माझा नंबर बघून तू उचलला नाहीस हे त्याला माहीत होतं.

तुझं ते बोलणं तुला परत ऐकवतो. वहिनीलाही वाचून दाखव. ती दुकानात नव्हती.

"कोण?" तू म्हणालास.

"मी."

"काय झालं? छातीचं काय झालं तुझ्या?"

"माझी ठणठणीत आहे. तुझी बिघडलीय."

मग मी सगळं सांगितलं. तू म्हणालास, चार वर्षांपूर्वीचा कागद, त्याला काय अर्थ आहे. म्हणालास, मला काही होत नाही. म्हणालास, जिन्यात दम खायला थांबतो, चाळिशी आली, तुझं वय झालं की कळेल. आणि नोकरी घालवलीस याबद्दल मला गाढव म्हणालास, तीन वेळा.

मी विचारलं, "खांदा दुखतो का?"

"मशीन वाहून कुणाचा दुखत नाही?"

"मशीन तू उजव्या खांद्यावर घेतोस. बाबांसारखं. दुखतो कुठला?"

मागे कुणीतरी मशीन चालवून बघत होतं, तेवढाच आवाज येत होता. मग तू फोन ठेवलास.

चार वर्षांत स्वतःबद्दल तू मला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर.

तासाभराने त्याच फोनवर वहिनीचा फोन आला. रडत होती आणि चिडलेली पण होती. तुला आजच्या आज दवाखान्यात चल म्हणाली, तर तू म्हणालास, "एवढी काळजी आहे तर त्याने येऊन न्यावं. तो आला की बघू." असं? मला घालवताना मुहूर्त बघितला नाहीस आणि आता बोलावण्याशिवाय हलत नाहीस!

ठीक आहे. येतोय. तुझ्या दारात येणार नाही म्हणालो होतो, ते दवाखान्याच्या दाराला लागू नाही. आणि पट्टीवर नाव माझं आहे, तेव्हा ती तुझी आहे हे तिथल्या डॉक्टरला पटवायला मी लागणारच. हे पत्र कुरियरने दोन दिवसांत पोचेल. मी शुक्रवारी पहाटे उतरतो. नऊला तुझा नंबर लागलाय, वहिनीने लावलाय. वहिनी म्हणाली, काउंटरखाली तू एक जुनं शिवणयंत्र लपवून ठेवलंयस; ते उचलून दुरुस्त करायला घेतलंस असं जर मला कळलं, तर तुझे सगळे पेचकस गटारात टाकीन.

एक नीट लक्षात घे. मी गोडीगुलाबीला येत नाहीये. बाबांच्या बाबतीत तू जे केलंस ते मी विसरलेलो नाही. त्याचा जाब तुला द्यावा लागेल, पण उभा राहून, धडधाकट होऊन. आजारी माणसाशी भांडण्यात काय मजा? शुक्रवारी मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. बाकावर शेजारी बसेन. आत काय सांगतील ते दोघंही ऐकू.

साडेआठपर्यंत खाली आला नाहीस, तर मी वर येईन आणि तुला खुर्चीसकट उचलून दोन मजले उतरवीन. बाईंनी मला महिनाभर जड काही उचलायचं नाही म्हणून बजावलंय. मला ते मोडायला लावू नकोस.

धाकटा